विहिरीतला कटला

दुष्काळ सरला, त्याच्या पुढच्या फाल्गुनातली गोष्ट. आमच्या गावचा पाझर तलाव आम्हीच खोदलेला, दुष्काळी कामावर. मी कुदळ मारली, बायकोनं भरावावर पाट्या टाकल्या. मग पाऊस झाला, तलाव काठोकाठ भरला, आणि एक सरकारी जीप येऊन त्यात कटल्याची बोटभर पिल्लं सोडून गेली. तेव्हापासून तो तलाव आणि त्यातला मासा मी माझाच समजत आलोय. कुणाला काय म्हणायचं ते म्हणू द्या.

माझे सासरे देवळाली प्रवऱ्याचे, पाटपाण्यावरचे ऊसवाले. संक्रांतीला तिकडं गेलो तर चार माणसांत मला म्हणाले, "काय जावईबापू, यंदा तरी प्यायला पानी हाय का तुमच्यात?"

माणसं हसली. मला झोंबलं. म्हणालो, "मामा, शिमगा झाला की या. आमच्या तलावातला कटला गळानं धरून तुमच्या ताटात वाढतो. न्हाई वाढला तर गळाची काठी मोडून चुलीत घालीन."

बोलून गेलो खरा. पण ती काठी साधी नव्हती. वेळू मी स्वतः निवडलेला, जाळावर शेकून सरळ केलेला, वर्षानुवर्षं तेल पाजलेला. तसली काठी पंचक्रोशीत कुणाकडं नव्हती.

शिमगा झाला. रोज सकाळी, ऊन तापायच्या आत, मी तलावावर. हवेत अजून गारवा असायचा, लिंबाला तांबूस पालवी फुटलेली. गळाला गांडूळ लावून बसायचो, कारण नदीत मी सगळे मासे गांडुळावरच धरलेले. चार दिवस गेले. पाण्यावर तरंगायला बांधलेला मोरपिसाचा दांडा हललासुद्धा नाही.

बायको म्हणाली, "शेंगदान्याच्या पेंडीचा गोळा लावा. जीपमधला साहेब सांगत हुता, ह्यो मासा वरवरचं पीठ-बीठ खातो, किडं न्हाई."

"तू भाकरी बघ," मी म्हणालो.

शनिवारी उजाडता पेंडीचा गोळा धोतराच्या सोग्यात बांधून गेलो. तिला सांगितलं नाही. दिवस कासराभर वर येईतो मोरपीस एकदम बुडालं, काठी धनुष्यासारखी वाकली, आणि चांगला किलोभराचा कटला काठावर आला. तसाच जिता, पाण्याच्या बादलीत घालून घरी आणला.

दुपारी सासरे आले. बादलीत वाकून बघितलं. "हाय की खरा!" म्हणाले. मग जरा खाकरून, "पर आज शनवार. मी शनवारी खात न्हाई."

ते शनिवार धरतात हे मला लग्नापासून ठाऊक. माशाच्या नादात वार कोण बघतो!

"उद्या खाऊ," सासरे म्हणाले. "पाटीत घाला, वर गोनपाट बांधा, आन ती विहिरीत सोडा. ऱ्हाईल जिता."

पाटपाण्याचा माणूस मला मासा राखायला शिकवणार? "मामा, आमच्या तलावाचा मासा मला कळतो," म्हणालो. त्याच्या कल्ल्यातून सुतळी ओवली, दुसरं टोक विहिरीच्या रहाटाला बांधलं आणि दिला सोडून.

रविवारी सकाळी दोघं विहिरीवर गेलो. मी सुतळी ओढली. नुसती सुतळीच वर आली. खाली कटला ऐटीत फिरत होता, मधूनच वर येऊन तोंड उघडत होता.

सासरे काठावर वाकून त्याच्याकडं बघायला लागले. घरात गेलो, काठी आणली आणि गुडघ्यावर धरली. बायको दारातून ओरडली, "अवो, काय करताय!"

"शब्द दिलाय," मी म्हणालो.

"आना हिकडं," सासऱ्यांनी काठी माझ्या हातातून काढूनच घेतली. "मासा पळाला न्हाई, घरातच हाय. अजून ताटात यायचाय, म्हंजे शब्दबी अजून मोडला न्हाई. काय लावलं हुतं गळाला?"

"पेंड," बायकोच म्हणाली. म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं.

सासरे धोतर खोचून विहिरीच्या काठावर बसले. एका रात्रीसाठी आलेला माणूस तीन दिवस राहिला. एकदा ते बसायचे, एकदा मी. "हळू, हळू, हिसका देऊ नका!" "मामा, तुमची सावली पडती पान्यात, मागं सरा." बायको तिथंच भाकरी आणून द्यायची. म्हणाली, "दादा, उसाला पानी द्यायचं न्हाई का?"

"पाट काय पळून जातोय?" सासरे म्हणाले, डोळे मोरपिसावरच.

कटला पेंड खायचा, गळ तेवढा चुकवायचा. एकदा फसला होता, पुन्हा फसला नाही.

चौथ्या दिवशी एसटीत चढताना सासरे म्हणाले, "पाडव्याला येतो. तंवर काठीला हात लावायचा न्हाई, ना मोडायला, ना मासा धरायला."

पुढं किती वर्षं तो कटला आमच्या विहिरीत होता. वासरासारखा माजला. सासरे आले की पिशवी ओसरीवर टाकून आधी विहिरीवर जायचे, मग लेकीला विचारायचे कशी आहेस म्हणून. काठी अजून माझ्याकडं आहे. आणि आमच्यात पाणी आहे का, हे त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.