शेपूट तुटलेला पक्षी

संग्रहालयाच्या मागच्या खोलीत ती सव्वीस वर्षं खापरं धूत होती. जमिनीतून उकरून निघालेलं जे काही येई, ते आधी तिच्या टबात उतरे. दात घासायच्या मऊ ब्रशाने घासून, पाणी चाळणीतून गाळून, जाळीवर वाळत घालून मगच ते विद्वान मंडळींच्या हाती जाई. मग ते तीन हजार वर्षांपूर्वीचं की चार, यावर मंडळी खुशाल भांडत. ती त्यात पडत नसे. आपण आंघोळ घालायची, वय विचारायचं नाही, असं तिचं म्हणणं. सगळे तिला आंघोळवाल्या मावशी म्हणत, आणि ती रागावल्यासारखं करून ओ देई.

दुपारी खिडकीतून ऊन आत यायचं, टबातल्या पाण्याचा कवडसा छतावर हलत राहायचा आणि मावशीचे डोळे मिटायला लागायचे. हात मात्र चालूच असायचे. त्या अर्धवट झोपेत तिला वाटे, ही भांडी कुणीतरी आत्ताच जेवून ठेवली आहेत, आणि ती बाई आपल्या मागे उभी राहून काम नीट होतंय ना ते बघतेय. मग मावशी उगाच जरा जोर लावून घासायची.

निवृत्तीला आठ महिने उरलेले असताना, अशाच एका दुपारी टबात मातीचा एक पक्षी आला. मुठीएवढा, पोकळ. धुऊन जाळीवर ठेवायला तिने तो उचलला आणि आतून आवाज आला. खुळ खुळ खुळ.

मावशीने तो पुन्हा हलवून पाहिला. हा आवाज तिच्या घरातला होता.

"मावशी, खुळखुळा आहे हा!" विभागाच्या मॅडम धावतच आल्या. "आत भाजलेल्या मातीच्या गोळ्या असणार. आणि कपाटात तो शेपूट तुटलेला पक्षी आहे ना, ह्याच टेकाडाच्या खोदकामातला? तोही खुळखुळाच असणार बघा. त्या बिचाऱ्याच्या गोळ्या कुठल्या काळात सांडल्या, कोण जाणे."

कुठल्या काळात, ते मावशीला पक्कं ठाऊक होतं. पंचवीस वर्षांपूर्वी, याच टबात.

तेव्हा ती नोकरीला नवी आणि लेक तीन महिन्यांची. घरी सांभाळायला कुणी नाही, म्हणून लेक टबाशेजारी, खापरांच्या रिकाम्या खोक्यात कापूस घालून झोपायची. झोपायची कसली, रडून खोली डोक्यावर घ्यायची. त्या तुटक्या पक्ष्याच्या पोटात माती घट्ट बसली होती. मावशीने ती भिजवून काडीने कोरून काढली, तर चाळणीत वाटाण्याएवढ्या पाच गोळ्या उरल्या. तिने तेव्हाच्या मोठ्या साहेबांना दाखवल्या. ते घाईत होते. "खडे आहेत, फेकून द्या." इतके सारखे गोल खडे तिला फेकवेनात. खोकल्याच्या औषधाची एक रिकामी डबी होती, तिच्यात टाकले. डबी वाजली आणि लेक रडता रडता थांबली. पुन्हा वाजवली, तर चक्क झोपली. त्या दिवसापासून डबी लेकीची झाली आणि तिच्याबरोबर घरी गेली.

आता तीच लेक सातव्या महिन्यात माहेरी आली होती, आणि उंबरठ्यातच तिने डबीची चौकशी केली होती. "माझ्या बाळाला तीच हवी हं, आई."

संग्रहालयातली वस्तू घरी नेणं म्हणजे चोरी. नोकरी जाते, पेन्शन अडकते. नव्या मुलींना हे मावशीनेच दहादा बजावलं होतं. गप्प बसली असती तर कुणाला कळणारही नव्हतं, आणि चार दिवस ती गप्प बसलीही. पण टबावर डुलकी लागली की मागे ती बाई यायची. तिचं आता भांड्यांकडे लक्ष नव्हतं. तिच्या कडेवर मूल होतं आणि ते काही केल्या रडायचं थांबत नव्हतं.

रविवारी दुपारी मावशीने लेकीला सगळं सांगितलं. लेक आधी हसली, मग भडकली.

"माझी डबी आहे ती! साहेब फेकून दे म्हणाले होते ना तुला?"

"म्हणाले होते. ते चुकले, आणि मीही चुकले."

लेकीने डबी हातात घेतली. मग उशीला टेकून आडवी झाली आणि डबी पोटाशी धरून हळूच वाजवली. "एकदा ऐकू दे ह्याला," ती म्हणाली, "मग ने." वाजवता वाजवता तिचाच डोळा लागला. मावशीने तिच्या बोटांतून डबी अलगद सोडवून घेतली आणि तोंडाला पदर लावून पोटभर रडली.

सोमवारी तिने डबी मॅडमच्या टेबलावर ठेवली आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं. मॅडमनी डबी उघडून गोळ्या तळहातावर घेतल्या.

"हे मला वर कळवावं लागेल, मावशी."

"कळवा की. मी कुठे पळून जातेय?"

मॅडमनी कपाटातून तुटका पक्षी काढला. शेपटीच्या भोकातून एकेक करून पाचही गोळ्या आत सोडल्या, भोकाला कापूस लावला आणि पक्षी मावशीच्या हातात दिला. "तुम्हीच वाजवा."

डबीत त्या गोळ्या टणटणायच्या. इथे त्यांचा आवाज मऊ झाला होता, जरा जाडसर, झोपाळू. मावशीला कळलंही नाही, पण तिचा दुसरा हात टेबलाच्या कडेवर थोपटायला लागला होता.

मॅडमनी जुनी नोंदवही उघडली. मोठ्या साहेबांच्या अक्षरात लिहिलं होतं : 'पक्ष्याच्या आकाराची पोकळ वस्तू. वापर : माहीत नाही.' मॅडमनी शेवटच्या दोन शब्दांवर रेघ मारली आणि वर लिहिलं, 'बाळ झोपवणे.' मग पेन थांबलं.

"शेवटचा वापर कधी झाला, तेही लिहायला हवं," त्या वहीतून मान वर न करता म्हणाल्या. "काय लिहू?"

"काल दुपारी, मॅडम."