साडूंची कुजणारी पिशवी

एका माणसाच्या वाट्याला जन्मात जितके धक्के यायचे, तितके मला एकट्या माझ्या साडूंनी दिले आहेत. जव्हारचा घाट चढताना एसटीही इतके देत नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, ताईंचे यजमान. त्यांची सगळी नोकरी प्लास्टिकच्या पिशव्यांच्या कारखान्यात मशीनवर गेली. निवृत्त होऊन ते जव्हारला आमच्या शेजारी राहायला आले, तेव्हा मला वाटलं, चला, पत्त्यांना जोडीदार मिळाला. पहिल्याच रविवारी त्यांच्या अंगणात गेलो, तर कपडे वाळत घालायच्या तारेवर बोटभर रुंदीच्या प्लास्टिकच्या पट्ट्या लोंबत होत्या आणि प्रत्येकीच्या टोकाला काही ना काही बांधलेलं होतं: कुलूप, अडकित्ता, ताईंचा वरवंटा. कोणती पट्टी किती वजनाला तुटते, हे साडू खाली मांडी घालून वहीत लिहीत होते. हे काय चाललंय म्हणून विचारणार, तोच एक पट्टी तुटली आणि वरवंटा माझ्या अंगठ्यापासून चार बोटांवर पडला. साडूंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. तुटलेली पट्टी उचलून ते खेदाने म्हणाले, "फारच ठिसूळ."

या वेडाचं मूळ जामसरला होतं. तिथल्या बायकांच्या गटाची काजूच्या कलमांची रोपवाटिका आहे आणि गटाच्या जनीबाई माझ्या मोखाड्याच्या कचेरीत कामानिमित्त येत असत. त्यांच्या ओळखीने मी एकदा साडूंना तिकडे फिरायला नेलं. बांधावरचं एक कलम चार वर्षं झाली तरी गुडघ्याच्या वर जात नव्हतं, म्हणून बायकांनी ते आमच्यासमोर उपटलं. लावताना कुणीतरी काळी पिशवी काढायची विसरलं होतं. मुळं आतल्या आत गोल फिरून दोरखंडासारखी पिळली होती आणि पिशवी मात्र काल आणल्यासारखी धड. साडूंनी तिची माती पुसली, खालच्या तिरक्या शिवणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ही माझ्या मशीनची. त्याची शिवण अशीच तिरकी पडायची." मला वाटलं थट्टा करताहेत. पण त्यांचा चेहरा असा उतरला होता, की मी हसू तसंच गिळलं. परतताना जीपमध्ये सातजणांच्या दाटीत ते एवढंच बोलले, "जन्मभर न मरणाऱ्या पिशव्या काढल्या. आता वेळेवर मरणारी एक तरी काढायची."

मग त्यांनी एक जुनं छोटं मशीन पैदा केलं, कुजणाऱ्या प्लास्टिकच्या दाण्यांची पोती आणली आणि घराचा कारखाना झाला. नुसत्या दाण्यांची पिशवी पापडासारखी मोडायची. म्हणून त्यात स्टार्च घातलं, तर ती ओल लागताच लिबलिबीत व्हायची. मऊपणासाठी ग्लिसरीन घातलं, तर चार दिवसांत तिला घाम फुटायचा. ताकदीसाठी भाताच्या तुसाची राख चाळून घातली. स्टार्च आणि प्लास्टिक एकमेकांशी फटकून वागतात म्हणून लिंबूसत्व घातलं. साडू म्हणायचे, सोयरिकीत मधला माणूस लागतोच. शेवटी एरंडेल आलं. ते त्यांनी इतक्या बाटल्यांनी नेलं, की औषधाच्या दुकानदाराने मला बाजूला घेऊन, घरी कुणाला पोटाचा जुना त्रास आहे का, असं अतिशय हळुवारपणे विचारलं. त्याच सुमाराला साडूंकडे सत्यनारायण होता. शिऱ्याची पातळ पिवळसर वडी समजून मी त्यांच्याकडच्या ताटलीतला एक तुकडा तोंडात टाकला. साडू धावत आले. मला वाटलं, विषबाधेची काळजी. ते म्हणाले, "चावून सांगा, ताणला जातोय की तुटतोय?"

पण खरा धक्का पुढेच होता. पिशव्या जमल्या असं वाटल्यावर साडूंनी त्या जामसरला दिल्या आणि बायकांनी वर्षाची सगळी कलमं त्यांत भरली. आठवड्याभरात जनीबाईंचा फोन आला. आम्ही पोचलो तेव्हा कलमं उघड्या मुळांनी मातीत आडवी पडली होती आणि कुंपणापलीकडे बकऱ्या निवांत रवंथ करीत होत्या. पिशव्या त्यांना आवडल्या होत्या. साडूंनी आधी बकऱ्यांची तब्येत विचारली, एकीचं पोटसुद्धा चाचपलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जनीबाई ओरडल्या नाहीत. त्या शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, कलमा मेल्या त आमचा वरीस गेला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साडूंकडे गेलो आणि दारातच थबकलो. ज्या काळ्या पिशव्यांचं त्यांना तोंड पाहायचं नव्हतं, त्याच जुन्या पिशव्या गावभरच्या बागांतून गोळा करून ते टबात एकेक धूत बसले होते. मी काही विचारण्याआधीच म्हणाले, "हट्ट माझा आहे. कलमांनी का मरावं?" तीन दिवस ते जामसरला उकिडवे बसून बायकांबरोबर माती भरत होते. बरीचशी कलमं जगली.

पुढच्या वर्षी मिश्रणात करंजाचं कडू तेल पडलं. बकऱ्यांनी हुंगलं आणि तोंड फिरवलं. पिशव्यांनी रोपवाटिकेतला काळ काढला आणि कलमं पिशवीसकट जमिनीत गेली. आता खाली काय होतंय ते पाहायला दोन पावसाळे थांबायचं होतं. साडूंना तेवढं थांबता आलं नाही. छातीत कळ आली, मुलाने त्यांना नाशिकला नेलं आणि डॉक्टरांनी घाटाचा प्रवास बंद केला. शेजारच्या घराला कुलूप लागलं.

दोन पावसाळे उलटल्यावर परवा मी एकटाच जामसरला गेलो. जनीबाईंनी माझ्या छातीएवढ्या झालेल्या एका कलमाच्या बुडाशी हलक्या हाताने खणलं. मुळं सरळ खाली, बाजूला, हवी तिकडे गेली होती. पिशवीचा नखाएवढा एक करडा कपचा सापडला. जनीबाईंनी तो बोटांत धरला. मी तिथूनच नाशिकला फोन लावला आणि सगळं सांगितलं. साडू नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाले, "तो तुकडा जपून आणा. कसा तुटतो ते बघायचंय."

मी मागे वळून पाहिलं. जनीबाईंच्या बोटांत काहीच नव्हतं; तुकड्याचा चुरा होऊन मातीत गेला होता. त्या हात झटकून कलमाला माती लोटत होत्या. साडूंना ते सांगितलं. तेव्हा ते हसले. इतक्या वर्षांत त्यांना हसताना मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि तेही फोनवर.