आज कोणता सण?

आमच्या खाडीकडच्या गावात ‘ण’ नव्हता. पाणी नव्हतं, पानी होतं. लोणी नव्हतं, लोनी होतं. शाळेत मास्तरांनी या एका अक्षरापायी माझ्या हातावर इतक्या छड्या ओढल्या की चौथीनंतर शाळा सुटली तेव्हा मला एवढंच पक्कं कळलं होतं: आपण ‘न’ म्हणतो तिथे शहाणी माणसं ‘ण’ म्हणतात. या अर्धवट शहाणपणानं पुढे माझी चूल विझायची वेळ आणली होती.

लग्न होऊन मी नायगावच्या बाजूला आले. सासरे भात लावायचे आणि नवरा मिठागरावर जायचा. सत्तरच्या दशकाची अखेर असेल, मिठागराचा मालक बदलला आणि नव्या मालकानं जुनी माणसं नको म्हणून सांगितलं. नवऱ्याचे पाय मिठानं आधीच खाल्लेले, तळव्यांना भेगा. दुसरं काम त्याला कोण देणार? तो ओटीवर बसून राहायचा आणि मी त्याच्याकडे बघायचं टाळायची. शेवटी मीच म्हटलं, फुलं विकते.

वेण्या मला चांगल्या यायच्या. होळी नावाच्या भागातल्या वाड्यांत तेव्हा शेवंती, अबोली, जाई, सगळं असायचं. उजाडायच्या आत तिथे पोचायचं, बागवाल्यांकडून ओली फुलं घ्यायची आणि बाजारात बसून वेणी करत करतच विकायची. त्या ओल्या फुलांचा वास अजून कधी अचानक नाकात येतो आणि मी कामात असले तरी थांबते. पण बाजार नगरपालिकेचा. परवाना नसला की बाजारसाहेब उठवायचा. त्याचा खरा हुद्दा बाजार-निरीक्षक, पण एवढं लांब कोण बोलणार? त्याच्या मागे शिपाई हातगाडी घेऊन यायचा आणि माल उचलायचा. वांगी उचलली तर संध्याकाळी सोडवून आणता येतात. फुलं संध्याकाळी आणून काय करू, डोक्यात घालून नाचू? मला वर्षभराची हक्काची जागा पाहिजे होती, नाहीतर धंदा करण्यात अर्थच नव्हता.

सासऱ्यांनी मला तयार केलं. ते म्हणाले, “कचेरीत गावंढळासारखं ‘वर्षाचा परवाना’ म्हनू नको. सरकारी कागदावर ‘सन’ असते. शेतसाऱ्याच्या पावतीवर बघ. सनाचा परवाना म्हन, मंग साहेब नीट बोलंल.” मी वाटभर ‘सनाचा परवाना, सनाचा परवाना’ घोकत गेले.

कचेरीत परवान्याच्या टेबलावर एक नवा कारकून होता. देशावरचा पोरगा, सातारकडचा असावा. वाईट नव्हता हो. उलट बाकीचे आम्हाला बघितलं की चहाला जायचे, हा तेवढा बसून राहायचा. आमची बोली त्याला कळायची नाही, लोक हसायचे, म्हणून त्यानं आपल्या मनाशी एक नियमच करून टाकला होता: ही माणसं ‘न’ म्हणाली की ‘ण’ समजायचा. मी त्याच्यासमोर ताठ उभी राहिले आणि म्हणाले, “सनाचा परवाना पाहिजे. फुलं विकायला.”

त्यानं मान हलवली, झरझर लिहिलं, शिक्का मारला. मी त्याच्या भाषेत जायला निघाले होते आणि तो माझ्या भाषेत यायला निघाला होता, दोघांची वाटेत चुकामूक झाली.

कागदावर ‘सणापुरता’ लिहिलं होतं. मला वाचता येत होतं. मी ते वाचलंसुद्धा. आणि मला काय वाटलं असेल? वाटलं, अरे देवा, ‘सन’ पण ‘ण’चाच असतो का? म्हणजे सासरेही चुकले आणि सरकारी पावती छापणाराही चुकला, हा पोरगा तेवढा शिकलेला. मी कागदाला नमस्कार करून तो पदरात बांधला.

दुसऱ्या दिवशी बाजारसाहेब आला. कागद उलटा-सुलटा करून म्हणाला, “हा सणापुरता आहे. आज कोणता सण?”

मी म्हटलं, “सन चालूच आहे की.”

“कोणता?”

“हाच. चालू सन.”

त्याला वाटलं मी थट्टा करते. हातगाडी पुढे आली आणि माझी सगळी अबोली तिच्यात गेली. मी रडले नाही. कचेरीत गेले आणि तिथे मात्र आवाज चढवला. कारकून घाबरून उभा राहिला. बिचारा म्हणे, वर्षाचे परवाने आता एप्रिलमध्येच निघतील, तोवर लिहिलेलं खोडता येत नाही. दिवाळी नुकतीच झाली होती. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, तसं अक्षरशः झालं.

बाजारात माझ्या शेजारी अंडी विकणारी एक मावशी बसायची. ख्रिस्ती, लाल लुगड्यातली, पापडी गावाकडून यायची. घरी तिची बोली निराळी, बाजारात आमच्याशी आमच्यासारखं बोलायची. तोंडानं फटकळ, पण खरी. पाण्यात घालून बघितल्याशिवाय कोणाला अंडं देत नसे, आणि शंका आली तर गिऱ्हाइकाच्या देखत फोडून फेकायची. कोणी म्हणालं, मावशी, चालेल की, तर म्हणायची, “तुला चालंल गं, मला वर जाऊन जबाब द्यायचाय.”

मी घडलेलं सांगितलं. ती खूप हसली. माझ्या डोळ्यांत पाणी बघून थांबली आणि म्हणाली, “सणापुरता ना? मग रड कशाला? आमच्यात रोज कोणत्या ना कोणत्या संताचा सण असतोच. तू उद्या फुलं घेऊन ये.”

मी आले. बाजारसाहेब आला. “आज कोणता सण?”

मावशी अंडी पुसता पुसता म्हणाली, “घसा दुखला तर बरा करणाऱ्या संताचा.”

तो माझ्याकडे वळला. “तो हिचा सण. तू हिंदू ना?”

मी म्हटलं, “देवळातल्या फुलाला कोणी धर्म विचारला नाही साहेब, चर्चमधल्याला का विचारता? आणि कोणाचा सण ते कागदावर कुठे लिहिलंय?”

त्यानं कागद पुन्हा वाचला. खरंच लिहिलेलं नव्हतं. कायद्याचा माणूस होता तो, कायद्यातच अडकला. हातगाडी पुढे गेली.

मग हा रोजचा खेळ झाला. तो यायचा, विचारायचा, आणि मावशी सांगायची. आज सुतारांच्या संताचा. आज हरवलेली वस्तू शोधून देणाऱ्याचा. आज प्रवाशांना पाण्यातून पलीकडे नेणाऱ्याचा. आज कोंबड्यांना रोगातून वाचवणारीचा. आज आटलेल्या विहिरीला पाणी लावणारीचा. एकादशी, चतुर्थी आली की मी म्हणायची, “मावशी, आज तुझ्या संताला सुट्टी, आज आमचा नंबर.” भाजीवाले सकाळी एकमेकांना विचारायचे, आज कोण? बाजारसाहेबालाही पुढे पुढे ऐकायची हौस वाटायला लागली असावी. एकदा त्यानं हळूच विचारलं, दातदुखीला कोणी आहे का? मावशीनं त्यालाही एक संतीण सांगितली आणि अर्धा डझन अंडीपण विकली.

शनिवारी मात्र मावशी चर्चमधली मिस्सेची प्रार्थना संपल्यावर कुमसाराला जायची. कुमसार म्हणजे फादरसमोर गुडघे टेकून आपल्या पापांची कबुली द्यायची. आधी ती अशी दर शनिवारी जात नसे, त्या हिवाळ्यात जायला लागली. अंड्यांची टोपली माझ्यावर सोपवायची, संताचं नाव-गाव सांगून ठेवायची आणि डोक्यावर पदर ओढून निघायची. मी मनात म्हणायची, वय झालं की भक्ती वाढते माणसाची.

अशाच एका शनिवारी ती संत सांगायलाच विसरली. आणि त्याच दिवशी नवे मुख्याधिकारी बाजार बघायला आले. मागे बाजारसाहेब, त्याच्या मागे हातगाडी. साहेबासमोर ऐट दाखवायची म्हणून त्यानं दरडावून विचारलं, “बोला बाई, आज कोणता सण?”

माझ्यापुढे टोपलीभर शेवंती होती. घरी नवरा त्या फुलांच्या पैशावर पायाला औषध लावत होता. मला एक संत आठवेना. खोटा सांगायचं धाडस नव्हतं, तो देवाचा माणूस, आपल्या तोंडाला कीड पडली तर? आणि मग जे इतके महिने साठलं होतं ते बाहेर आलं.

“कोनताच सन नाही,” मी म्हणाले. संतापले की माझा ‘ण’ जातो. “साधा शनिवार आहे. मी तुमच्या कचेरीत बोलले एक आनि लिहिलं दुसरंच. रोज मला सन विचारता, तुमच्या कचेरीला कधी विचारलंत, लोकं काय बोलतात ते कळते का म्हनून?”

बाजारसाहेबाचा चेहरा पडला. मुख्याधिकारी मात्र शांत. म्हणाले, “कारकुनाला काय म्हणालात, तेच पुन्हा म्हणा.”

“सनाचा परवाना पाहिजे.”

“बघा,” बाजारसाहेब म्हणाला, “सणाचाच मागते.”

साहेबांनी त्याला हातानं गप्प केलं. “म्हणजे? कधीपासून कधीपर्यंत बसायचंय तुम्हाला?”

“जानेवारी ते डिसेंबर. अजून काय?”

त्यांना हसूच फुटलं. कारकुनाला बोलावणं गेलं. तो धावत आला, ऐकलं, आणि कानापर्यंत लाल झाला. म्हणाला, “बाई, मला वाटलं तुम्ही तुमच्या भाषेत बोलताय.” मी म्हणाले, “आणि मला वाटलं मी तुमच्या बोलतेय.” त्यावर आम्ही दोघंही हसलो. माझा राग त्याच्यावर कधी खरा नव्हताच.

साहेब त्याला म्हणाले, लिहिलेलं वाचून दाखवत जा. मी मध्येच बोलले. म्हटलं, वाचून दाखवून काय होणार? मी तर स्वतः वाचला होता कागद. वर त्याला नमस्कार केला होता. आत्ता तुम्ही ‘म्हणजे?’ विचारलंत म्हणून उलगडलं. तेवढं एक विचारायला सांगा.

एप्रिलची वाट न बघता माझा कागद सुधारून आला. आणि त्या पोरानं माझं बोलणं असं मनावर घेतलं की विचारू नका. कोणीही काहीही मागो, हा पेन खाली ठेवायचा आणि विचारायचा, “म्हणजे?” नळ पाहिजे. म्हणजे? दुकानाची पडवी वाढवायची. म्हणजे किती, कुठवर, दाखवा हातानं. लोक आधी वैतागले, मग त्यांच्या लक्षात आलं की याच्या टेबलावरून गेलेलं काम परत येत नाही. त्याचं नावच पडलं, म्हणजेसाहेब. पुढे तो बाजाराच्या दिवशी टेबल घेऊन आमच्यातच, चिंचेखाली येऊन बसायला लागला, म्हणजे कोणाला माल टाकून कचेरीत जायला नको. आता ती चिंच नाही. आता काचेची इमारत आहे, नंबर येतो, खिडकी उघडते आणि मुलगी संगणकात बघून बोलते. काम लवकर होतं, खोटं कशाला बोलू? पण ‘म्हणजे?’ कोणी विचारत नाही, आणि मला त्या पोराची फार आठवण येते.

मावशी त्या शनिवारी चर्चमधून परतली तेव्हा सगळं आटोपलं होतं. मी नाचतच तिला सांगितलं. तिनं दोन्ही हात जोडले, वर बघितलं आणि म्हणाली, “सुटले गं बाई.” मी म्हटलं, “तू कशी सुटलीस? सुटले मी.” ती टोपलीतली अंडी मोजायला लागली.

त्यानंतरही आम्ही बरीच वर्षं शेजारी बसलो. माझ्या मुलांची शिक्षणं बाजारातल्या त्या ओट्यावर झाली. मावशी गेली तेव्हा मी तिच्या मातीला गेले. सगळं उरकल्यावर फादरांना गाठलं. मला तिच्या नावानं दरवर्षी वेणी द्यायची होती, तिच्याच आवडीच्या संताच्या दिवशी. विचारलं, “फादर, कोंबड्यांना रोगातून वाचवणाऱ्या संतिणीचा सण कधी असतो?”

फादर म्हातारे झाले होते. म्हणाले, “अशी कोणी नाही बाई.”

“बरं, विहिरीला पाणी लावणारीचा?”

“तीही नाही. कोणी सांगितलं तुला?”

मी मावशीचं नाव घेतलं. पाण्यात घातल्याशिवाय अंडं न देणाऱ्या बाईचं. फादरांनी मान खाली घातली. मग म्हणाले, “एका हिवाळ्यात ती दर शनिवारी कुमसाराला यायची. काय सांगायची ते मला बोलता येत नाही.”

बोलायची गरजही नव्हती. मी तिथेच चर्चच्या पायरीवर बसले आणि मोठ्यानं रडले, अबोली गेली त्या दिवशी जे रडले नव्हते तेही रडून घेतलं.

मग उठले, सोबत आणलेली वेणी घेऊन परत कबरस्तानात गेले आणि तिच्या ताज्या मातीवर ठेवली. दरवर्षी त्याच दिवशी ठेवते. कबरस्तानाच्या दारावरचा पोरगा एकदा म्हणाला, आजी, आज कोणता सण? मी म्हटलं, “अंडीवालीचा.”