सतरंजीवरची खरेदी

कुमुदताई गेल्याची बातमी मराठी मंडळाच्या ग्रुपवर आली तेव्हा मी गॅलरीत बसून मेथी निवडत होतो. सकाळचे साडेनऊ झाले असतील. भोपाळच्या बाग सेवनियातली आमची कॉलनी त्या वेळी सुस्त असते, ऑफिसवाले गेलेले असतात आणि कामवाल्या बाया यायच्या असतात. फोन वाजला, मी ओल्या हातानं उचलला, वाचलं, आणि पुन्हा मेथी निवडायला लागलो. एक जुडी झाली, दुसरी सोडली, तेव्हा लक्षात आलं की मी पानं कचऱ्यात आणि काड्या परातीत टाकतोय. खरं सांगतो, त्या क्षणी मला दुःख झालं नाही, भीती वाटली. कुमुदताईंनी मला एक गोष्ट विचारली होती आणि तिचं उत्तर मी सात महिने दिलं नव्हतं. विसरलो म्हणून नव्हे, रागानं दिलं नव्हतं. आता ते कुणाला द्यायचं...

मी कारखान्यात तपासणी विभागात जन्म काढला. माल नापास करणं हे माझं काम, आणि ते मला फार आवडायचं. पुण्याहून नोकरीसाठी भोपाळला आलो, इथलाच झालो, पण घरातलं मराठी मात्र इस्त्री केलेलं ठेवलं. कुमुदताईंचं मराठी अगदी उलट. छप्पन साली राज्य बदललं, ऑफिस नागपूरहून इकडे हललं, आणि त्या ऑफिसबरोबर त्यांच्या वडिलांचं बिऱ्हाडही आलं. तेव्हा त्या परकर पोलक्यात होत्या. पुढं त्याही सरकारी ऑफिसात लागल्या, कोटरा सुल्तानाबादमध्ये घर झालं, आणि भाषेत नागपूर, भोपाळ असं सगळं आनंदानं एकत्र नांदायला लागलं. मी त्यांच्या बोलण्यातले हिंदी शब्द मनातल्या मनात मोजायचो. त्या मला भाऊ म्हणायच्या. मी पहिल्या दिवसापासून कुमुदताईच म्हणत आलो.

आमच्या मंडळाच्या वाचनालयातली दोन कपाटं वाळवीनं खाल्ली, तिथून ही गोष्ट सुरू झाली. सभासदही पांगलेले. कुणी मुलाकडे बंगळुरूला, कुणी लेकीकडे गुडगावला, आणि सगळ्यांची तक्रार एकच, की मराठी वाचायला मिळत नाही. शेवटी चार गावांच्या मंडळांनी मिळून एक सामायिक डिजिटल संग्रह करायचं ठरवलं. पुस्तकं फोनवर वाचायची, आणि ज्यांचे डोळे थकले त्यांनी ऐकायची. निवडून विकत घ्यायचं काम भोपाळकडे आलं, आणि निवड समिती म्हणजे आम्ही तिघं. कुमुदताई सचिव, निवृत्त शिक्षक वझे मास्तर, आणि मी. पहिल्याच बैठकीत मी हरकत घेतली. "दोन वर्षांची मुदत संपली की हे पुस्तक परत जाणार. मग याला विकत घेणं कसं म्हणायचं?" कुमुदताई शांतपणे म्हणाल्या, "अन् वाळवीनं खाल्ली ती काय आपल्या मालकीची नव्हती, भाऊ?" आमची मैत्री तिथं सुरू झाली असं मला आता वाटतं. तेव्हा नुसताच राग आला होता.

कामाची वाटणी आपोआप झाली. वाचायची पुस्तकं माझ्याकडे. मी नमुन्याची पानं उघडायचो, अक्षर मोठं करून बघायचो. पुष्कळ पुस्तकं म्हणजे छापील पानांचे नुसते फोटो असतात, त्यांत अक्षर वाढत नाही, पानच इकडेतिकडे सरकतं. कुठं 'ळ'च्या जागी रिकामी चौकट येते, कुठं जोडाक्षराचे दोन तुकडे होऊन पडतात. मी धडाधड नापास करायचो. "भाऊ, पुस्तक नापास करा, पण तुम्ही तर लेखकालाच नापास करून राहिले," कुमुदताई म्हणायच्या आणि एखाददुसरं माझ्या यादीतून हळूच वाचवायच्या. ऐकायची पुस्तकं त्यांच्याकडे होती, आणि त्यांची तपासायची रीत मी जन्मात कुठं पाहिली नव्हती. शाहपुऱ्याच्या तलावाजवळ, एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर मंडळाचा हॉल आहे. रविवारी जेवणं उरकली की आम्ही तिथं जमायचो. कुमुदताई मोठी सतरंजी पसरायच्या, उशा मांडायच्या, पडदे अर्धे ओढायच्या आणि आम्हाला सांगायच्या, "आडवे व्हा." मग फोन मधोमध ठेवून पुस्तकाचा नमुना लावायच्या. ज्याला झोप लागेल त्यानं लाजायचं नाही. उलट ज्या आवाजानं कुणालाच झोप लागली नाही, तो आवाज घ्यायचा नाही.

मी भडकलो होतो. झोप आणणारं पुस्तक म्हणजे वाईट पुस्तक, हे शेंबडं पोरही सांगेल. कुमुदताईंचं म्हणणं वेगळं होतं. "वाईट पुस्तकानं कंटाळा येते, भाऊ. झोप नाही येत. माणूस झोपते ते भरवशावर. घरात कुणी जागं आहे, बोलून राहिलं आहे, तर आपण डोळे मिटले तरी चालते." आपले सभासद एकेकटे राहतात, त्यांना गोष्ट तर हवीच, पण त्याहून घरात एक माणूस हवा, असं त्या म्हणायच्या. मग आम्ही दोघं म्हातारे त्या सतरंजीवर आडवे व्हायचो. तलावावरचं ऊन खिडकीतून येऊन छतावर हलत राहायचं. खालच्या दुकानातलं बोलणं वर येता येता विरघळून जायचं आणि फोनमधला परका आवाज सांगायला लागायचा, एका गावात एक बाई होती... पाच मिनिटांत वाटायचं की ही गोष्ट आपण कधीतरी ऐकलेली आहे. दहा मिनिटांनी त्या बाईचं घर आपल्या ओळखीचं निघायचं. वझे मास्तर तर झोपेचे बादशहाच, उशीला डोकं टेकायच्या आत पार. जागे झाले की कुमुदताई विचारायच्या, "सर, काय दिसलं?" आणि मास्तर सांगतील ते वहीत लिहायच्या. ती नोंद मला पाठ आहे. 'वझे सर, सात मिनिटं. आई, विहीर, पिवळं लुगडं. घ्यावे.' तो आवाज आम्ही घेतला. दुसऱ्या एका भारदस्त आवाजानं मास्तरांना गणिताचा पेपर कोरा ठेवल्याचं स्वप्न पडलं. तो नाही घेतला.

एकदा मलाही लागली. स्वप्नात आमच्या कारखान्याची शेड होती, पण तिच्यात छातीएवढं निळं पाणी भरलेलं, आणि सगळी यंत्रं म्हशींसारखी निवांत पाण्यात बसलेली. कसलाही आवाज नव्हता. मी हातात तपासणीचा शिक्का घेऊन पोहत होतो, आणि मला कुणालाच नापास करायचं नव्हतं. जागा झालो तर छतावरचं ऊन पार कोपऱ्यात गेलेलं. मी हे कुणाला सांगितलं नसतं, पण कुमुदताईंनी विचारलं आणि मी सांगून टाकलं. त्या हसतील असं वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत, सगळं लिहून घेतलं, आणि म्हणाल्या, "चांगलं पाणी होतं." एवढंच. त्या दुपारी घरी जाताना मला फार हलकं वाटत होतं.

एक गोष्ट माझ्या नजरेतून कशी सुटली, याचं मला आज नवल वाटतं. त्या स्वतः कधीच आडव्या झाल्या नाहीत. भिंतीला पाठ लावून, पेन हातात धरून बसलेल्या असायच्या. मला वाटायचं, सचिव आहेत, काम करतायत.

मग कराराचा दिवस आला. पुस्तकं पुरवणाऱ्या कंपनीचा अकरा पानी करार इंग्रजीत होता. सह्या करण्याआधी तो सगळ्यांना कळायला हवा म्हणून मी तीन आठवडे बसून त्याचं मराठी केलं, एकेका शब्दाशी झटापट करून. वर्षानुवर्षं मी दुसऱ्याचा माल तपासला होता, स्वतः बनवलेला असा हा पहिलाच. त्या दिवशी समितीपुढं वाचायला बसलो तेव्हा आधी पानांचा क्रम दोनदा तपासला. "कलम सात. एक प्रत एका वेळी एकाच सभासदास दिली जाईल. इतर सभासदांनी आपली पाळी येईपर्यंत थांबावे." वझे मास्तर चक्क जागे होते, मान डोलावत होते. कलम नऊला एक बारीक घरघर ऐकू आली. मला वाटलं पंखा. मग वर बघितलं. कुमुदताईंची मान कललेली, पेन सतरंजीवर पडलेलं, आणि तोंड किंचित उघडं. मी कागद आपटले नाहीत, मी आपटणाऱ्यातला नाही. कागदांची घडी घातली, चपला घातल्या आणि निघून आलो. संध्याकाळी त्यांचा फोन आला. "भाऊ, माफ करा हो, मला कसं काय..." मी म्हणालो, "तुमची झोप पुरी झाली असेल तर बोलू," आणि फोन ठेवला. असलं वाक्य सुचलं याचा मला त्या रात्री अभिमान वाटला होता. दुसऱ्या दिवशी समितीचा राजीनामा पाठवला.

पंधरा दिवसांनी त्यांचा निरोप आला. 'भाऊ, आपल्या संग्रहासाठी एखादं पुस्तक तुम्ही वाचून द्याल का? आम्हाला तुमचा आवाज हवा आहे.' मी तो तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा मला त्यात टोमणाच दिसला. झोपवणारा आवाज हवाय ना, घ्या म्हणावं दुसरीकडून. उत्तर दिलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्या आजारी पडल्याचं कळलं तेव्हा जाईन म्हणालो, आणि गेलो नाही. काय घेऊन जाणार होतो?

त्या गेल्यावर तीन आठवड्यांनी मी कोटऱ्याला गेलो. त्यांची मुलगी नंदिनी हॉस्पिटलपासून शेवटपर्यंत त्यांच्याजवळ होती. चाळिशीतली बाई, पण डोळ्यांखाली साठीच्या माणसासारखी काळी वर्तुळं. तिनं पाणी दिलं आणि म्हणाली, "काका, बरं झालं तुम्ही आले. मम्मीनं सांगू नको म्हटलं होतं, पण आता मी सांगते." ती सावकाश सांगत गेली. "बाबा अंथरुणाला होते ना चार साल, तर मम्मी एक कान उघडा ठेवूनच झोपायची. बाबा कधी हाक मारतील म्हणून. मग बाबा गेले, पण तो कान काही बंदच नाही झाला. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. मतलब, डोळे मिटायचे, पण झोप नाही. तुमच्या त्या मीटिंगमध्ये तिला पहिल्यांदा लागली. घरी आली आणि रडायलाच लागली, म्हणाली, नंदू, मला कुणीतरी झोपवलं गं."

मी म्हणालो, "मग मला सांगायचं ना."

"कसं सांगणार, काका? तुम्ही इतकी मेहनत केली होती. म्हणाली, भाऊंना वाटेल मी थट्टा करून राहिली."

बैठकीचं इतिवृत्त लिहायला सोपं जावं म्हणून कुमुदताई प्रत्येक बैठक फोनवर रेकॉर्ड करायच्या, हे मला तिथं कळलं. हॉस्पिटलमध्ये त्या रोज दुपारी तीच बैठक लावायच्या. नर्सनं एकदा विचारलं होतं, आंटी, ये कौन सी कहानी है? त्या म्हणाल्या होत्या, कहानी नहीं है बेटा, हमारे भाऊ हैं. नंदिनीनं फोन पुढं केला आणि लावलं. माझा आवाज आला. कोरडा, सरकारी, एकेक अक्षर तोलून टाकणारा, मला स्वतःलाच ओळखू न येणारा. कलम सहा, कलम सात, कलम आठ. आणि मग फोनच्या अगदी जवळून, माझ्या आवाजाच्याही अलीकडून, एक श्वास ऐकू यायला लागला. संथ, खोल, मधूनच बारीक घरघर करणारा. मी ज्याच्यावर चिडून उठलो होतो तो हाच. माझा आवाज लांब होता आणि हा श्वास इतका जवळ, की मी खुर्चीत मागं सरकलो. कलम नऊच्या मध्यावर रेकॉर्डिंग संपलं. "पुढं तुम्ही उठून गेले ना," नंदिनी म्हणाली, "तेवढं तिनं मला कापायला लावलं." म्हणजे माझा राग त्यांनी ठेवलाच नव्हता. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

घरी येऊन करार शोधला. घडी मी घातली होती तशीच होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तो घेऊन पुन्हा कोटऱ्याला गेलो आणि नंदिनीला म्हणालो, तुझ्या आईनं वाचून मागितलं होतं, माझं अर्ध्यात राहिलंय, चालेल का. तिनं फोन रेकॉर्डिंगला लावून टेबलावर ठेवला आणि समोरच्या खुर्चीत बसली. पडदा अर्धा ओढलेला होता, खोलीत पिवळसर अंधार होता. मी कलम नऊ मध्यापासून उचललं. "कलम दहा. सभासदाने गाव बदलल्यास त्याचे सभासदत्व अबाधित राहील. कलम अकरा. अशा सभासदाने नवीन पत्ता सवडीने कळवावा..." कलम बारा संपता संपता नंदिनीची मान खुर्चीच्या पाठीवर कलली. हात मांडीवरून घसरला. किती महिन्यांचं जागरण होतं कोण जाणे. या वेळी मी थांबलो नाही. उरलेली पानं मी सावकाश वाचली, खालच्या सह्यांच्या जागेपर्यंत.