हायोम अंकल

रक्त काढायला हात पुढे केला की बहुतेक माणसं तोंड फिरवतात. हायोम अंकल सरळ माझ्याकडे बघून म्हणायचे, "बाय, आज टायटॅनिक बुडाली." मी नर्स, माझं लक्ष शिरेकडे. मी हूं की चूं केलं नाही तरी त्यांचं अडत नसे. मी कापसाचा बोळा दाबेपर्यंत जहाज तळाला गेलेलं असायचं.

हायोम म्हणजे हिब्रूत 'आज'. अश्केलोनच्या आमच्या वसाहतीतल्या पोरांनी त्यांना हे नाव ठेवलं, कारण त्यांचं प्रत्येक बोलणं याच शब्दानं सुरू व्हायचं. माझ्याशी मात्र ते मराठीच बोलत, आणि तीही मुंबई सोडून इस्रायलला आले तेव्हाची. आमच्याच जिन्यात खालच्या मजल्यावर राहायचे. इथल्या कापड कारखान्यात वर्षं काढून रिटायर झालेले. शिक्षण बेताचंच. एवढ्या तारखा पाठ कशा, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "मुंबईला ऑफिसात भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान रोज सकाळी फाडायचं काम माझ्याकडे होतं. त्यावर त्या दिवशी काय झालं ते छापलेलं असायचं. वाचल्याशिवाय कधी फाडलं नाय."

सकाळी तारीख न बघता घराबाहेर पडणारा माणूस त्यांना चपला विसरलेल्या माणसासारखा वाटे. दवाखान्याच्या रांगेत ते सगळ्यांना आजचा दिवस सांगत. एक मोरोक्कन बाई वैतागून म्हणायची, "अझ मा?" म्हणजे, मग काय? त्यावर अंकल तिच्याच हिब्रूत सुनवायचे, "मग काय म्हणजे? तुमच्या-माझ्या आधी जग बंद होतं की काय?" दुसऱ्या दिवशी तीच बाई त्यांच्यासाठी शेजारची खुर्ची धरून ठेवायची. त्यांचा एकुलता एक मुलगा पार दक्षिण टोकाला, एलात शहरात, हॉटेलात नोकरीला होता. सणाला घरी आला की बापाच्या मराठीला हिब्रूत एकच उत्तर द्यायचा, "दाय, आबा." पुरे, बाबा.

एक्क्याण्णवच्या युद्धात इराकची क्षेपणास्त्रं येत होती, तेव्हा भोंगा वाजला की आम्ही दोन्ही घरं आमच्या बंद केलेल्या खोलीत बसायचो, तोंडाला गॅसचे मुखवटे लावून. एका रात्री अंकल मुखवट्यातून हातवारे करत काहीतरी गुरगुरायला लागले. माझ्या आईला वाटलं, श्वास अडकला. मी धावत जाऊन त्यांचा पट्टा सैल केला. "परेड!" ते ओरडले. "आज सव्वीस जानेवारी, दिल्लीत परेड!" मी पट्टा पुन्हा आवळला, जरा जास्तच.

बायको गेल्यावर ते एकटे पडले. आधी किल्ल्या हरवू लागल्या. मग दोनदा गॅसवर दूध ठेवून ते बाहेर निघून गेले. दुसऱ्या वेळी जिना धुरानं भरला, तेव्हा मीच त्यांच्या मुलाला फोन केला. तो आला आणि त्यानं म्हाताऱ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतली. डॉक्टरनं हो म्हटलं तर अंकल घरी राहणार, नाही म्हटलं तर एलातला मुलाकडे जाणार, असं ठरलं. अंकलना जायचं नव्हतं.

"तिकडे समुद्र आहे," मी म्हटलं.

"समुद्र इथे पण आहे. तिकडे मला कोण विचारणार, आज काय झालं म्हणून?"

"इथे तरी कोण विचारतं? तुम्हीच सांगता."

"पण ऐकतात ना, बाय."

त्या तपासणीत पहिला प्रश्न तारखेचाच असतो, हे मला ठाऊक होतं. मी त्यांच्याकडून काही घोकून घेतलं नाही. जिन्यात आग लागून चाललं नसतं. तरीही त्यांच्याबरोबर आत गेले तेव्हा माझ्या मनात होतं, की निदान हा प्रश्न त्यांनी चुकवू नये.

डॉक्टर तरुण होता, सभ्य होता. त्यानं विचारलं, "आज तारीख काय?"

"सोळा एप्रिल," अंकल ताडकन म्हणाले. बरोबर होतं.

"साल?"

"अठराशे त्रेपन्न. आज बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. एकवीस तोफांची सलामी दिली."

मी डॉक्टरला गाडीचं समजावलं. तो हसला, पण म्हणाला, "आत्ता कुठलं साल चालू आहे, ते विचारा." मी मराठीत विचारलं. अंकलनी भिंतीकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "तूच सांग ना."

मी सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात ते एलातला गेले. गोळ्यांचे डबे मीच भरून दिले, कुठली केव्हा द्यायची ते मुलाला दोनदा बजावलं. अंकल गाडीत बसले. त्या दिवशी जगात काय झालं होतं, ते त्यांनी सांगितलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मी त्यांना भेटायला गेले. एलातपर्यंत बसमध्ये पाठीचं पार लाकूड होतं. पोचले तेव्हा संध्याकाळ होती. अंकल इमारतीखालच्या बाकावर बसले होते, वाळलेले, पण दाढी केलेले, शर्ट इस्त्रीचा. मला त्यांनी ओळखलं नाही. मुलगा हॉटेलच्या गणवेशात कामावर निघाला होता. जाता जाता तो बापासमोर उकिडवा बसला आणि ज्या मराठीचा त्याला कंटाळा होता, त्या मराठीत मोडकंतोडकं म्हणाला, "अंकल, आज काय झाला?"

तो बापाला अंकल म्हणाला, तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्यालाही ते ओळखत नव्हते.

म्हातारा खुलला. "आज? आज आम्हाला पोरगा झाला! भायखळ्याला. गोरा आहे, रडतो फार. तुम्ही पेढा घेतल्याशिवाय जायचं नाय."

मी मुलाला हिब्रूत म्हटलं, "तुझा वाढदिवस तर डिसेंबरात असतो."

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "बाकीचं सगळं गेलं. हे रोज सांगतात."

मग तो बापाकडे वळला. "मझल तोव, अंकल," तो म्हणाला. अभिनंदन. म्हाताऱ्यानं त्याचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. कामाला उशीर होत होता, तरी हात सुटेपर्यंत तो तिथेच बसून राहिला.