मार्सेलच्या गाडीतलं हळदीकुंकू

बियाण्याची कंपनी दुकानदाराला फुकट काही देत नाही, हे टेंभुर्णीतलं शेंबडं पोरगंही सांगेल. एवढी मक्याची पाकिटं खपवा, एवढी कपाशीची खपवा, मग साहेब म्हणणार, चला, जोडीनं परदेश दाखवतो. बद्रीनाथनं खपवली. उन्हातान्हात बांधाबांधानं फिरला, शेतकऱ्यांची मनधरणी केली आणि पंचावन्नाव्या वर्षी नवरा-बायकोची दोन तिकिटं पदरात पाडून घेतली. आणि दिवाळी सरते न सरते तोच त्याची बायको गोजरबाई बसल्या जागी गेली. घ्या आता!

टूर निघायची होती जानेवारीत. बद्रीनाथ जाणार नव्हता, पण पोरगा कल्याण मागंच लागला. "आबा, जाऊन या. नुसते भिताडाकडं बघून राह्यले तुम्ही. तेवढाच हवापालट व्हईल." बद्रीनाथ हो म्हणाला. जायची हौस होती म्हणून नव्हे, तर नाही म्हणायला जेवढा जोर लागतो तेवढाही अंगात उरला नव्हता म्हणून.

खरं सांगायचं तर त्याला दुःखसुद्धा होत नव्हतं. जीभ पोळली की गोड-तिखट काही कळत नाही, तसं त्याचं झालं होतं. तेराव्याला भावकी रडत होती आणि हा वाढप्यांना विचारत होता, बुंदी पुरंल का? त्यात येणारा-जाणारा एकच पालुपद लावायचा. "अहेव गेली, भरल्या कुंकवानं गेली. भाग्यवान बाई!" सुरुवातीला त्यानं मान हलवली. पुढंपुढं त्याला वाटायला लागलं, एवढंच भाग्य असलं तर न्या की तुमच्या घरी, कोण अडवतंय?

मुंबईच्या विमानतळावर बाकीचे दुकानदार भेटले. कोणी परतूरचे, कोणी अंबडचे, सगळे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाचे. टेंभुर्णीची बातमी तिकडं पोचली नव्हती. कंपनीच्या साहेबालाही बद्रीनाथनं फोनवर "बाई येणार नाही" एवढंच कळवलं होतं, आणि साहेबानं कारण विचारायची तसदी घेतली नव्हती. घनसावंगीच्या राधेश्यामची बायको केशरबाई मात्र लांबूनच ओरडली, "ओ भाऊ, आमची गोजरबाई कुठंय?" गेल्या साली जालन्यात कंपनीच्या जेवणावळीला दोघींची गट्टी जमली होती.

"गुडघे धरलेत तिचे," बद्रीनाथच्या तोंडून निघून गेलं. "न्हाई आली."

आणि काय सांगावं, तेवढ्या एका बोलण्यानं गोजरबाई उठून बसली! पॅरिसात माणसं मान मोडेस्तोवर तो लोखंडी मनोरा बघायची आणि मधूनच याला टोकायची. "वहिनीला फोन केला का?" "वहिनीला काय घेतलं?" "वहिनी न्हाई तर भाऊ बराबर मोकळे सुटलेत, बघा!" मनोरा बघून बद्रीनाथला काहीच वाटलं नाही. लोखंड ते, दुसरं काय! पण कोणी वहिनीचं नाव काढलं की तेवढ्यापुरतं त्याला श्वास घेतल्यासारखं व्हायचं. टेंभुर्णीत मेलेली बाई इकडं या दहा-वीस लोकांच्या तोंडात जिवंत होती. घरी परतेपर्यंत तिला कोणी मारू नये, एवढंच त्याला पाहिजे होतं. त्यासाठी तो गुडघ्यांच्या तेलाचं नावसुद्धा सांगायला लागला होता.

त्या दिवशी मंडळी पॅरिसहून आगगाडीनं समुद्रकाठच्या मार्सेल शहराला निघाली. गाडी काय होती म्हणता! पोटातलं पाणी हलत नव्हतं आणि बाहेर शेतं नुसती पळत होती. डब्यात मात्र मसणवटीसारखी शांतता. टूर मॅनेजरनं बजावून ठेवलं होतं, इथले लोक गाडीत मोठ्यानं बोलत नाहीत, आपणही बोलायचं नाही. केशरबाईनं ते एका कानानं ऐकलं, दुसऱ्या कानानं सोडून दिलं. समोरासमोर चार खुर्च्या, मधे टेबल. एका बाजूला केशरबाई आणि परतूरची बेबीनंदा, दुसऱ्या बाजूला खिडकीशी बद्रीनाथ आणि त्याच्या शेजारी गोजरबाईच्या नावानं निघालेली रिकामी खुर्ची. राधेश्याम मागं कुठंतरी घोरत पडला होता.

जेवणवेळ झाली तशी केशरबाईनं दशम्या सोडल्या, शेंगदाण्याची चटणी काढली. बद्रीनाथनं दशमी नुसती चावून गिळली. मग तिनं पिशवीतून हळदीकुंकवाची डबी काढली, तिळगूळ काढला आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांची पाकिटं टेबलावर रचली.

"हे काय वो मावशी?" बेबीनंदा म्हणाली.

"वाण. संक्रांत झाली, आपण घरी पोचेस्तोवर रथसप्तमी व्हऊन जाईन. मंग हळदीकुंकू काय उन्हाळ्यात करू?"

झालं! बाई उठली आणि चालत्या गाडीत, खुर्च्यांच्या दोन रांगांमधून, टूरमधल्या सगळ्या बायकांना हळदीकुंकू लावत सुटली. वाटेत एक पांढऱ्या केसांची फ्रेंच म्हातारी पुस्तक वाचत बसलेली. केशरबाई तिच्यापुढंही उभी राहिली.

"मावशी, नवरा हाय का तिचा? इचारलं का?" बेबीनंदा मागून कुजबुजली.

"कोणत्या भाषेत इचारू? गप बस." केशरबाईनं कपाळाकडं बोट दाखवलं, म्हातारी हसली आणि तिनं कपाळ पुढं केलं. चिमट्यांचं पाकीट तिनं उलटंपालटं करून पाहिलं आणि छातीशी धरलं. बायका खुदखुदल्या. बद्रीनाथही हसला, म्हणजे ओठ तेवढे हलवले.

शेवटचं पाकीट केशरबाईनं त्याच्यापुढं केलं. वर कुंकवाची पुडी, तिळगूळ. "हे गोजरबाईचं. जपून न्या. आन् मी दिलं म्हणून सांगा."

बद्रीनाथच्या हातानं ते घेतलं. त्याला वाटलं, आटपलं. पण केशरबाई कसली ऐकते! "थांबा, मीच सांगते तिला. बेबे, या गाडीत फुकटचं वायफाय हाय म्हणली ना तू? हा घे माझा फोन, लाव गोजरबाईला. तोंड दिसतं तसला लाव."

"नका ताई," बद्रीनाथ म्हणाला. "कामात असंन ती."

"गुडघे दुखतेत ना तिचे? तोंड तर न्हाई दुखत!"

आत्ता सांगावं, नाहीतर बेबीनंदाच्या हातातून फोन ओढून घ्यावा, असं डोक्यात आलं, पण जागचं हलणं जमलं नाही. रिंग गेली. केशरबाईनं जुन्या खोडीनं फोन सरळ कानालाच लावला. पलीकडं त्याची सून अर्पिता बोलत होती, हे त्याला केशरबाईच्या बोलण्यावरूनच कळलं.

"सूनबाई का? मी केशरकाकू घनसावंगीची. दे बरं सासूला... आं? काय म्हणली?"

तिनं फोन कानावरून काढून डोळ्यांसमोर धरला. अर्पितानं तिकडं काय दाखवलं असेल ते बद्रीनाथला न बघता माहीत होतं. बैठकीतल्या भिंतीवरचा फोटो, त्याला हार. केशरबाईचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. तिनं फोटोकडं पाहिलं, मग बद्रीनाथकडं पाहिलं. या माणसाला चार शिव्या हासडाव्यात असंही तिच्या तोंडावर येऊन गेलं, आणि लगेच ते विरघळलं. "बरं बाई," ती हळूच म्हणाली आणि फोन टेबलावर पालथा घातला.

"काय म्हणली वहिनी?" बेबीनंदानं विचारलं.

"झोपलीय," केशरबाई म्हणाली.

एवढं खोटं ती बाई त्याच्यासाठी बोलली. बद्रीनाथनं डोळे मिटले. वाचलो. आणखी थोडे दिवस गोजर राहील.

पण बेबीनंदाची जीभ थोडीच गप्प बसणार! तिनं घड्याळ पाहिलं, बोटांवर तास मोजले आणि फिदीफिदी हसली. "अगं बया! तिकडं आता दिवेलागण झाली आसंन. भरल्या दिवेलागणीला झोपली व्हय? लक्ष्मी यायच्या टायमाला आंथरूण! वहिनी बिलकुलच लाडावल्यात की ओ भाऊ."

पलीकडच्या दोघीतिघी हसल्या. "आळशी म्हणायची मंग," कोणीतरी म्हणालं.

गोजर आणि आळशी? तिनं तापानं फणफणताना उठून दिवा लावला होता. कल्याणच्या वेळी ओली बाळंतीण असतानाही, दिवा लागला का म्हणून आतून ओरडत होती. लग्न होऊन आल्यापासून एकाही दिवेलागणीला ती पाठ टेकून पडली नव्हती. लोकांनी तिला मेली म्हणावं, त्याची त्याला सवय झाली होती. आळशी म्हणावं, हे मात्र त्याच्यानं ऐकवेना.

"झोपली न्हाई ती," बद्रीनाथ म्हणाला. आवाज एवढा मोठा निघाला की फ्रेंच म्हातारीनंही मान वर केली. "दिवेलागणीला कधीच झोपली न्हाई. वारली ती. दिवाळीनंतर वारली. मी खोटं बोललो तुमच्याशी."

बेबीनंदानं तोंडावर पदर धरला. तिचे ओठ काहीतरी बोलायला हलले. आता येणार ते, भाग्यवान, अहेव गेली. बद्रीनाथ तयारीतच बसला. पण केशरबाईनं तिचा गुडघा दाबला, उठून टेबलाला वळसा घातला आणि त्याच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर येऊन बसली.

"त्या दिवशी जेवली व्हती का ती?" तिनं विचारलं.

डॉक्टरनं वय विचारलं होतं. गावानं वेळ विचारली होती, घटका कोणती म्हणून. हे कोणीच विचारलं नव्हतं.

"न्हाई," बद्रीनाथ म्हणाला. "दुकानात कंपनीचा माणूस आल्ता, टूरचे कागद घेऊन. मला उशीर झाला. मी निरोप धाडला, तू जेवून घे. ती म्हणली, येऊ द्या त्यांना. ताट झाकून माझी वाट पाहून राह्यली व्हती. मी गेलो तवर..."

खालचा ओठ लहान पोरासारखा थरथरायला लागला, आणि त्या चिडीचूप डब्यात त्याला असा हंबरडा फुटला की पुढच्या खुर्च्यांवरचे लोक उठून उभे राहिले.

"उपाशी गेली ओ ताई," तो म्हणाला. "माझी गोजर उपाशी गेली."