पितळी पाटीखालचा रंग

आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. ज्या जुन्या इंजिनाचा ‘अस्सल मूळ रंग’ शोधून काढल्याबद्दल मला शाल आणि नारळ मिळाला, तो त्याचा मूळ रंग नाही. नारळाची चटणी झाली. शाल अजून कपाटात आहे.

विहिरीवर पाणी उपसणारं हे तेलाचं इंजिन मला नारायण पेठेतल्या एका निवृत्त गणिताच्या मास्तरांनी दिलं. त्यांच्या वडिलांचं. अट एकच : “नवं आलं तेव्हा होतं, तसं करून एकदा दाखवा.” कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ते आणून ठेवलं आणि मी संशोधक झालो. पुण्यात संशोधक व्हायला कुणाची परवानगी लागत नाही, पार्किंगला लागते.

बनवणारा कारखाना केव्हाच बंद पडलेला. बुधवार पेठेत जुन्या पुस्तकांच्या दुकानात माहितीपुस्तिका मागितली, तर दुकानदार मान वर न करता म्हणाला, “आधी इंजिन चालू करा, मग वाचत बसा.” एक फोटो मिळाला, तो कृष्णधवल. हौशी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं, तर प्रत्येकाचा रंग वेगळा आणि खात्री मात्र सगळ्यांची सारखीच.

मग खरवडायला घेतलं. खंडेनवमीला इंजिनाची पूजा व्हायची, आणि त्याआधी घरात जो ऑइलपेंट उरला असेल तो त्याला फासायचे. दारांचा निळा, खिडक्यांचा पिवळा, बैलांच्या शिंगांचा गुलाबी. शेवटी हिरवा लागला, माझा खांदा भरून आला आणि संशोधन पूर्ण झालं.

रंगवून झाल्यावर मास्तर मुलाला घेऊन बघायला आले.

“अहो, हे तांबडं होतं,” मास्तर म्हणाले. “बैलगाडीतून उतरवलं तेव्हा मी समोर उभा. आई म्हणाली होती, नवरीसारखं नटवून पाठवलंय.”

“सर, आठवण म्हणजे पुरावा नव्हे,” मी म्हणालो. गणिताच्या मास्तरांना.

“बाबा, त्यांनी अभ्यास केलाय,” मुलगा म्हणाला.

मास्तरांनी हिरव्या रंगावरून एकदा बोट फिरवलं. “असेल मग.”

जुन्या यंत्रांच्या ज्या प्रदर्शनात ती शाल मिळाली, त्याच्या आदल्या दिवशी कारखान्याच्या नावाची पितळी पाटी घासायला म्हणून काढली. तिच्याखाली दसऱ्याचा ब्रश कधी पोचलाच नव्हता. तिथे तांबडा होता, काल लावल्यासारखा ताजा. मी पाटी लखलखीत केली आणि परत बसवून स्क्रू घट्ट आवळले. त्या इंजिनावर इतकं मन लावून मी दुसरं काही केलेलं नाही.

नंतर एकदा मास्तरांकडे गेलो होतो. रक्तदाबाची गोळी घेतली, असं ते म्हणाले. आतून सूनबाईंचा आवाज : “नक्की ना बाबा? की इंजिनाच्या रंगासारखं?” मुलगा हसला. मीही हसलो, पाहुण्यानं हसायचं असतं. मास्तर उठले आणि पाकिटातल्या गोळ्या मोजू लागले. गोळी घेतलेली होती. तरी बसताना म्हणाले, “मला हल्ली नीट आठवत नाही हो.” हल्ली ते प्रत्येक वाक्याला हे जोडतात. घरात आता त्यांना कुणी काही विचारत नाही.

त्यांना नीट आठवत होतं. चूक माझी होती, आणि मला ती कळलेली होती. एवढं त्यांच्या मुलासुनेसमोर बोलायचं माझ्याकडून राहिलं आहे.